दीड ते दोन, माइक बंद

"ही माझी जागा आहे."

तिने दचकून कानातले हेडफोन काढले. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. हातात जेवणाचा डबा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू कुणी त्याच्या तोंडचा घास पळवला होता.

"तुमची? ही तर धुतलेल्या चादरींची खोली आहे," ती म्हणाली.

"चोवीस तास चादरींची. दीड ते दोन माझी. चार वर्षं मी इथेच जेवतो."

"का? कॅन्टीन बंद पडलंय?"

"कॅन्टीनमध्ये आवाज असतो."

"मग झालंच तर. मीही त्याचसाठी आलेय."

दोघंही हटेनात. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर शांत अशी ही एकच खोली होती. छतापर्यंत चादरी, अभ्रे आणि टॉवेल रचलेले. आत आलेला आवाज त्यांच्यातच कुठेतरी मुरून जायचा. त्या दोघांसारखी शांततेवरून भांडणारी माणसं मात्र त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिली असतील.

ती होती पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर. परदेशातल्या एका रुग्णालयात तिला नोकरी मिळाली होती, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती. वाचणं, लिहिणं, बोलणं, सगळं झालं. घोडं पेंड खात होतं ते ऐकण्यापाशी. टेप लागते, माणसं इंग्रजीत बोलतात, आणि चाळीस प्रश्नांची उत्तरं ऐकता ऐकता लिहायची. टेप एकदाच वाजते. नवापैकी सात गुण हवेत, म्हणजे तीस उत्तरं बरोबर, आणि ती आधी दोनदा बसली तेव्हा तिला दोन्ही वेळा मिळाले साडेसहा. वॉर्डातल्या पोरी म्हणजे काय विचारता… त्यांनी तिचं नावच 'साडेसहा' ठेवलं. तिथल्या रुग्णालयाने दिलेली मुदत दोन महिन्यांत संपत होती. म्हणजे आता एकच खेप उरली होती.

तो होता कान तपासणारा. कोपऱ्यातल्या खोलीत यंत्रासमोर बसून दिवसभर लोकांना बारीक बारीक 'टीं' ऐकवायचा आणि कुणाला किती ऐकू येतं ते आलेखावर मांडायचा. तपासणीला येणारी मुलं त्याला 'टींटीं मास्तर' म्हणायची, आणि मुलांमागे सगळं रुग्णालय.

"कितव्या प्रश्नाला अडलात?" त्याने तिच्या वहीत डोकावून विचारलं.

"अकराव्या. मग बारावा, तेरावा, चौदावाही गेला."

"अकराव्याचाच विचार करत बसलात ना?"

हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पेशंटही तेच करतात," तो म्हणाला. "एक टीं ऐकू आली की नाही यावर खल करत बसतात आणि पुढच्या चार हुकतात. मी काचेवर टकटक करून खुणावतो, गेली ती गेली, पुढची ऐका." मग जरा थांबून म्हणाला, "आणि काहीजण तर… मी काही वाजवलेलंच नसतं, तरी बटण दाबतात."

"ते कशाला?"

"ऐकू यावं असं फार वाटत असतं ना त्यांना."

हे तो चादरींकडे बघत बोलला. तिला उगाचच वाटलं, या माणसाशी भांडू नये.

"असं करा," तो म्हणाला, "माझी ध्वनिबंद खोली दुपारी रिकामीच असते. तुम्ही तिथे ऐका. मला माझ्या चादरी परत द्या."

ती हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं.

ती ध्वनिबंद खोली म्हणजे खोलीच्या आत ठेवलेलं मोठं कपाटच. जाडजूड दार, भिंतींना बारीक भोकांचे पत्रे, मधे दुहेरी काच. आत एक खुर्ची, तीही आडवी ठेवलेली. पेशंटला मास्तरांची बोटं दिसली तर तो न ऐकताच बटण दाबेल, म्हणून.

"माझे हेडफोन लावा, चांगले आहेत. टेप मी बाहेरून लावतो. एकदाच वाजेल, पुन्हा मागायची नाही," त्याने बजावलं. "आणि एक गोष्ट, तो वरचा…"

"कळलं हो, वरच्या दिव्याचं बटण इथे आहे!" असं म्हणत तिने दार ओढूनही घेतलं.

दार बंद झालं आणि जगच बंद झालं. ट्रॉल्यांची खडखड नाही, घंटी नाही, 'सिस्टर, सिस्टर' नाही. स्वतःचा आवंढा गिळल्याचा आवाजही ऐकू येईल इतकी शांतता. मग कानात ती सभ्य माणसं बोलू लागली. कुणाला खोली भाड्याने हवी होती, कुणाची बॅग हरवली होती, कुणी मधमाश्यांवर व्याख्यान देत होतं. या टेपमधली माणसं तिला मनापासून आवडायची. कुणीही फोन करो, समोरचा आधी विचारायचा, मी तुमची काय मदत करू?

तिला असं कोण विचारत होतं? वसतिगृहातल्या तिच्या खोलीत दोन खाटा होत्या. दुसरीवरची मैत्रीण आठ महिन्यांपूर्वी परदेशी गेली. तेव्हापासून तिथे नुसती गुंडाळलेली गादी होती. आई गेल्या वर्षी वारली. दादा दर रविवारी फोन करायचा. "जेवलीस का? बरी आहेस ना? चल, ठेवतो." मागून वहिनी म्हणायची, "वन्सं, एकदाचं काय ते पार पाडा बाई." दोघंही वाईट नव्हते. आपापल्या संसारात बुडालेले होते, एवढंच. एकदा तिला सलग दोन दिवस सुट्टी मिळाली, आणि दुसऱ्या संध्याकाळी दुकानदाराशी बोलताना तिचा आवाज फुटेना. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की काल सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. त्याच रात्री तिने परीक्षेचा पहिला फॉर्म भरला. जिथे कुणी वाट बघत नाही तिथून निघालेलं बरं, असा तिचा साधा हिशेब होता.

तर ती रोज दीड वाजता त्या कपाटात बसू लागली. टेप संपली की दोन वाजेपर्यंत पाच-सात मिनिटं उरायची. सुरुवातीला ती चुकलेल्या उत्तरांवर स्वतःशीच करवादायची. मग वॉर्डातल्या गमती सांगू लागली. भिंत ऐकत होती, भिंत उलटून बोलत नव्हती. आणखी काय पाहिजे? आणि मग कधी, तिला कळलंही नाही, ती भिंतीऐवजी काचेपलीकडच्या माणसाशी बोलू लागली. तो आपल्या टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून, डब्याचं झाकण ताटासारखं वापरून जेवत असायचा. चादरींची खोली त्याने भांडून परत घेतली खरी, पण तिथे जेवायला तो गेलाच नाही.

बाहेर ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. आत 'तू'.

"आज परत शर्टाचं बटण चुकलंय तुझं," ती काचेकडे बघत म्हणायची. "घरात सांगायला कुणी नाही वाटतं? मलाही नाही रे."

दार उघडलं की मात्र साळसूद.

"किती आले?" तो विचारायचा.

"एकोणतीस."

"तीस हवेत ना?"

"तुम्ही कालच्यासारखं मधेच खाली वाकून चमचा शोधला नसतात, तर आलेही असते."

"म्हणजे तुमचं लक्ष टेपकडे नसतं!"

"लक्ष टेपकडेच असतं. डोळे मोकळे असतात… त्यांना काय काम?"

त्याचे कान लाल व्हायचे. कान तपासणाऱ्याचेच कान लाल झालेले पाहून तिला फार मजा वाटायची. बत्तीस आले त्या दिवशी त्याने डब्याच्या झाकणात अर्धी पोळी-भाजी तिच्यासाठी काढून ठेवली आणि म्हणाला, "बक्षीस." ती वॉर्डात परतली ती गुणगुणतच. पोरींनी लगेच कान टवकारले, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. चौदा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना कानावर परिणाम करणारं औषध चालू होतं, म्हणून त्यांना तपासणीला न्यायचं होतं. तीच घेऊन गेली. आजोबा आत बसले, जाडजूड दार बंद झालं, आणि ती पहिल्यांदाच मास्तरांच्या बाजूला, काचेच्या अलीकडे उभी राहिली.

काचेपलीकडे आजोबांचे ओठ हलले. इकडे काही ऐकू आलं नाही. पण कानाला हेडफोन लावून बसलेला मास्तर खुदकन हसला आणि समोरच्या माइकमध्ये म्हणाला, "नाही हो आजोबा, उपाशी नाही मी. बांधाच असा आहे!"

आजोबा आत खदाखदा हसले.

"ते… ते आत बोलले ते तुम्हाला ऐकू आलं?"

"येणारच की. मी शब्द सांगतो, ते म्हणून दाखवतात. ऐकू नाही आलं तर तपासू कसं? वर माइक आहे ना." त्याने बोट दाखवलं. आजोबांच्या डोक्यावर, दिव्याशेजारी, बोराएवढी एक काळी गोळी लोंबत होती. आग लागली तर वाजणारं काहीतरी असेल, असं तिला दीड महिना वाटत होतं.

चुकलेलं बटण. घरात कुणी नाही वाटतं. मलाही नाही रे. आणि त्यानंतरचं बाकीचं सगळं… तिचा चेहरा तापला. दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती गेलीच नाही.

पाच दिवस ती चादरींच्या खोलीत बसली. टेप लावायची आणि तिच्या कानात तिचाच आवाज वाजायचा. चाळीसपैकी चोवीस. मग तेवीस. तिला त्याचा राग होता, त्याहून जास्त स्वतःचा होता, आणि सगळ्यात जास्त होतं ते दीड वाजता येणारं रिकामपण. इतके दिवस आपण परीक्षेसाठी तिथे जातो असं ती समजत होती. वेडीच ती!

सहाव्या दिवशी दारात तो उभा राहिला, हातात डबा घेऊन.

"ही माझी जागा आहे," तो हळूच म्हणाला.

ती हसली नाही.

"काही चुकलं का माझं? परीक्षा चार दिवसांवर आलीय, आणि तुम्ही…"

"लाज नाही वाटली?" तिचा बांध फुटला. "एक बाई आत बसून मनातलं बोलते, आणि तुम्ही पाठ करून, जेवत, सगळं ऐकत बसता? दीड महिना?"

त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने डबा चादरींवर ठेवला, निघून गेला, आणि परतला तो काखेत एक लांबलचक वही घेऊन.

"आमच्याकडे नियम आहे," तो म्हणाला. "यंत्राचं कुठलंही बटण बंद केलं, सुरू केलं की नोंद करायची. वाचा."

तिने वही उघडली. रेघ मारून आखलेल्या पानावर सुवाच्य अक्षर होतं. दुपारी दीड, आतला माइक बंद. दुपारी दोन, आतला माइक सुरू. खाली सही. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. पानं उलटली तशी तारखा मागे मागे गेल्या, आणि पहिली नोंद निघाली ती तिने दार ओढून घेतलं त्याच दिवसाची.

"तुम्हाला सांगणारच होतो. पण तुम्ही दार लावून घेतलंत," तो म्हणाला. "म्हटलं, माणूस एकटं बसलंय, स्वतःशी काही बोलेल. आपण कशाला ऐका? म्हणून बंद करत गेलो. बटणावर चिकटपट्टीही लावायचो, चुकून हात लागू नये म्हणून."

"एकदाही ऐकलं नाहीत?"

"एक शब्द नाही."

"मोहसुद्धा झाला नाही?"

"रोज झाला." त्याचे कान लाल झाले. "काचेतून तुम्ही दिसता. ओठ हललेले दिसायचे. म्हणून तर पाठ करून जेवायचो."

तिला हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, कुठून कोण जाणे, रडू आलं. दीड महिना तिने जीव ओतून जे जे सांगितलं होतं, ते कुणीच ऐकलं नव्हतं. भिंतीला सांगितलं होतं, आणि भिंतीपाशीच राहिलं होतं. हे काही त्याला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने बोट वहीवर ठेवलं.

"हा शेवटचा रकाना? इथे कुणाचीच सही नाही."

"पाहणाऱ्याची सही. नोंद करताना दुसऱ्या माणसाने पाहून सही करायची असते," तो म्हणाला. "पण त्या खोलीत दुसरं माणूसच नाही. चार वर्षं तो रकाना रिकामाच जातो."

ती त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग वही मिटून त्याला दिली आणि म्हणाली, "उद्या येते. तेवीसवर आलेय मी."

"तेवीस?" तो कळवळला. "एवढं भांडायचं होतं तर परीक्षा झाल्यावर भांडायचं होतं हो!"

परीक्षेच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये साठ माणसं हेडफोन लावून बसली होती. एकोणिसाव्या प्रश्नाला मागे कुणी खोकलं आणि तिचं उत्तर हुकलं. जुन्या सवयीने मन मागे धावलं. पण तेवढ्यात तिला काचेवरची ती टकटक आठवली. गेली ती गेली, पुढची ऐका. तिने एकोणीस रिकामा सोडला आणि विसावा लिहिला.

निकाल लागला. साडेसात.

वॉर्डातल्या पोरींनी पेढ्यांसाठी गोंधळ घातला आणि नाव बदलून 'साडेसात' केलं. दादा फोनवर म्हणाला, "वा! छान झालं. कधीचं तिकीट?" वहिनी म्हणाली, "सुटलात बाई एकदाच्या." सगळे खूश होते. जाऊ नकोस असं कुणी म्हणालं नाही, आणि का म्हणावं? तिने मास्तरला सांगितलं तेव्हा तो इतका आनंदला, की त्याने टेबलावरचा डबा पाडला. मग खाली वाकून, चमचे गोळा करता करता, चेहरा न दाखवता विचारलं, "कधी निघायचं?"

"पुढच्या सोमवारी."

"अरे वा," तो टेबलाखालून म्हणाला.

शनिवारी तिचा कामाचा शेवटचा दिवस होता. बाहेर सकाळपासून पाऊस लागला होता. दीड वाजता ती त्याच्या खोलीत गेली.

"आता कसला सराव?" तो दचकून उभा राहिला.

"एक राहिलाय. माझा नाही, तुमचा."

ती आत गेली. आडवी खुर्ची उचलून तिने काचेसमोर सरळ ठेवली, दार ओढून घेतलं आणि बसली. मग वरच्या काळ्या गोळीकडे बोट दाखवलं आणि नखाने पट्टी सोलून काढल्याची खूण केली.

तो सावकाश बसला, सवयीने आजही दीड वाजता बटणावर लावलेली चिकटपट्टी काढली आणि हेडफोन कानाला लावले.

"ऐकू येतंय?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"दोन महिने मी इथे बसून तुझ्याशी बोलतेय," ती म्हणाली. "बाहेर तुम्ही, आत तू. तू काही ऐकलं नाहीस, म्हणून परत सांगते… सगळं नाही, मुद्द्याचं तेवढं. मला वाटायचं, मी कुठे आहे, कुठे नाही, कुणाला फरक पडत नाही. म्हणून निघाले होते. आणि मग तू भेटलास. माझं बोलणं ऐकायची सोय हाताशी असून, रोज बटण बंद करून बसलास. एवढा मान मला कुणी दिला नव्हता रे. तू मला आवडतोस. फार. जाऊ नकोस असं म्हणू नकोस, मी जाणारच आहे, कष्टाने मिळवलंय. पण तुला न सांगता गेले असते, तर तिथेही भिंतीशीच बोलत बसले असते… झालं. एवढंच."

त्याने हेडफोन काढून खाली ठेवले. मग खण उघडला, ती लांबलचक वही काढली आणि मान खाली घालून लिहू लागला.

इकडे आपला जीव टांगणीला लागलाय, आणि हा माणूस नोंद करतोय! ती ताडकन उठली आणि दार ढकलून बाहेर आली.

"काय लिहिताय?"

"पुन्हा 'तुम्ही' झालो वाटतं?" तो म्हणाला. "ते आतलं… परत एकदा सांगशील?"

"नाही. एकदाच वाजतं."

"बरं." त्याने डोळे पुसले. "तसं मला पाठ झालंय." मग वहीखालून एक कागद ओढून त्याने तिच्यापुढे सरकवला. त्याच परीक्षेचा फॉर्म होता, पुढच्या तारखेचा. कालच भरलेला.

"हे काय?"

"तिथेही माणसं बहिरी होत असतीलच ना," तो म्हणाला. "म्हटलं, तू काही बोललीस तर दाखवीन. नाही बोललीस तर… तरी परीक्षा द्यायचीच होती. माझं वाचन बरं आहे, लिहिणं बरं आहे. बोलताना मात्र तंतरते."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "चार वर्षं भिंतीआड बसल्यावर आणखी काय होणार? रोज दीड वाजता फोन करीन. इंग्रजीत बोलायचं."

"मराठीत नाही?"

"तिसाव्या मिनिटाला. बक्षीस म्हणून."

बाहेर पावसाने जोर धरला होता. दोन वाजत आले होते, आणि दारापुढच्या बाकावर पुढचा पेशंट येऊन बसल्याची चाहूल लागली. तिने वही आपल्याकडे ओढली. आजच्या तारखेपुढे त्याच सुवाच्य अक्षरात, पण जरा हललेल्या ओळीत लिहिलं होतं, 'दुपारी एक वाजून बेचाळीस मिनिटं. आतला माइक सुरू. सगळं ऐकू आलं.' पुढे त्याची सही होती. शेवटचा रकाना रिकामा होता.

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.